खाटवाली ताई

खाटवाली ताई कोणाच्याही घरात शिरली की आधी खाट शोधायची. चहा, पाणी, बसायला सतरंजी, सगळं नंतर. ओसरीत खाट दिसली की तिच्या दांडीवर हात ठेवायची आणि घरातल्या बाईला सरळ विचारायची, "तुमच्या घरचा कमावता मानूस उद्या हिच्यावर पडला, तं परवाच्या दिवशी घर कोन चालवन?" असलं बोलणं कोणाला गोड लागेल? बाया तोंड फिरवून थू थू करायच्या. एका म्हाताऱ्यानं तर तिला अंगणातूनच परत पाठवलं होतं. ती गेली, दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात येऊन उभी राहिली आणि पुन्हा तेच विचारलं.

ती चांदूर रेल्वेकडची. एका संस्थेत नोकरीला होती आणि पातूरजवळची आमच्यासारखी काही गावं तिच्याकडे होती. सावळी, उंच, केस खांद्यापर्यंत कापलेले, चालणं असं की पायात चप्पल आहे की बूट ते आवाजावरून कळू नये. स्कूटीच्या डिक्कीत भाकर आणि ठेचा बांधलेला असायचा, त्यामुळे जेवायच्या वेळेला कोणाच्या घरी अडून बसायची नाही. तोवर गावात जे कोणी पाहणी करायला यायचे ते गरीब कोण आहे ते पाहायचे. हिचं काम उलटं होतं. जी घरं गरिबीतून नुकतीच वर आलेली, त्यांच्याकडेच ही यायची. वर आलेलं घर पुन्हा खाली जाईल का, गेलं तर कशानं जाईल, हे पाहणं म्हणजे तिची नोकरी. गावाला हे समजायला वेळ लागला. चांगल्या चाललेल्या घरांना नजर लावायला पगारी बाई ठेवली, असं लोक पारावर म्हणायचे.

तिच्या कानावर ते गेलंच. महिला गटाच्या बैठकीत तिनं एकदाच त्यावर उत्तर दिलं. "खड्ड्यात पडेल मानसाले सारे पाह्यतात. जो आत्ताच काठावर चढला त्याच्याकडे कोनी पाह्यत नाई. अन् काठ तं ओला असते ना, बाप्पा."

आमचं घर काठावर चढलेल्यांत होतं. माझं लग्न झालं तेव्हा माझे घरधनी, म्हणजे आमच्या पोरीचे बाबा, दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं जायचे. मग थोडी जमीन मक्त्यानं केली, मग स्वतःची थोडी घेतली, विहिरीला पाणी लागलं, आणि आम्ही झेंडू, शेवंती, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं लावायला लागलो. मातीच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या. मोटारसायकल आली. फ्रिज आला. ताई पहिल्यांदा घरी आली तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, मुद्दाम फ्रिजमधलं पाणी दिलं. ताईनं पाणी पिऊन गार असल्याचं सांगितलं आणि मला विचारलं, अकोल्याला झेंडू कोणत्या अडत्याकडे जातो? मी आत्याबाईंकडे पाहिलं. विहिरीवरची मोटर बंद पडली तर कोणाला बोलावता? मी जमिनीकडे पाहिलं. बियाणं कुठून येतं? ते मला ठाऊक होतं, पण तोंडातून शब्द आला नाही.

खरं म्हणजे माझ्या तोंडातून शब्द येतच नसत. गटात हजेरीला माझं नाव घेतलं की शेजारची वंदनाबाई माझ्या वतीनं "आली हाये" म्हणायची. फुलं तोडणं, निवडणं, हार गुंफणं यात मी कोणाला ऐकणारी नव्हते, पण बाजारात मी कधी उभी राहिले नव्हते. फूल वावरातून निघालं की ते पोरीच्या बाबांचं.

ताईनं त्या दिवशी आमच्या विटा पाहिल्या नाहीत, फ्रिज पाहिला नाही. उठताना आत्याबाईंना म्हणाली, "घर चांगलं हाये, बुढीमाय. पन सारं एकाच खुंटीले टांगलं हाये तुमी."

ती गेल्यावर आत्याबाईंनी तिच्या पावलांवर मीठ-मोहऱ्या टाकल्या.

ताईची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. ज्या घराबद्दल तिला शंका यायची, त्या घराला ती खाटेचा आठवडा पाळायला लावायची. घरातल्या कमावत्या माणसानं आठवडाभर खाटेवर पडायचं. आजारी असल्यासारखं. कामाला हात लावायचा नाही, काही सांगायचं नाही, फोन उचलायचा नाही. बाकीच्यांनी घर चालवून दाखवायचं. कुठं अडतं ते त्या आठवड्यात आपोआप दिसतं, असं ती म्हणायची. कागदावर विचारलं तर लोक बरोबर उत्तर देतात, खाटेसमोर खोटं चालत नाही.

पहिला आठवडा वंदनाबाईच्या घरी झाला. तिचा नवरा गवंडी. त्याला खाट फार मानवली. पडल्या पडल्या चहा मागायचा, पाय चेपून मागायचा. पण बातमी कशी पसरली कोण जाणे, तिसऱ्या दिवशी बार्शीटाकळीहून वंदनाबाईची नणंद केळी आणि बिस्किटं घेऊन रडत आली. तिला वाटलं भाऊ खरंच गेल्यात जमा आहे. भाऊ खाटेवर बसून केळं सोलताना दिसला तेव्हा तिनं आधी त्याला मिठी मारली आणि मग दोन धपाटे घातले. मात्र त्याच आठवड्यात वंदनाबाईला कळलं की नवऱ्यानं कोणाकोणाचं काम धरलंय हे घरात त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. माणूस पडला तर काम थांबल्याचं सांगायला जायचं तरी कोणाकडे? ताई हसली नाही. त्या नवरा-बायकोजवळ बसून ते सगळं तिनं वंदनाबाईच्या डोक्यात बसवून घेतलं.

मग आमची पाळी आली, आणि आत्याबाई आडव्या आल्या. जित्या लेकाला मी बिमारीच्या खाटेवर निजवणार नाही, म्हणाल्या. वंदनाचा नवरा निजला तर निजू द्या, त्यांच्यात असलं काही मानत नाहीत. आमच्यात मानतात. ताई म्हणाली, मग कोण निजेल ते तुम्हीच सांगा. आत्याबाईंनी थोडा विचार केला. आत गेल्या, पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला, त्याला पोरीच्या बाबांचा सदरा गुंडाळला आणि खाटेवर उशीला टेकवून ठेवला.

"बारशाले पायन्यात आधी वरवंटाच निजवतो ना आपन? मंग खाटेवर काहून नाई चालत?"

मला वाटलं ताई चिडेल. पण ती अगदी मान्य केल्यासारखी म्हणाली, "चालते. पन एक ध्यानात ठेवा, वरवंटा बोलत नसते."

त्या एका वाक्यानं आमचा आठवडा उभा केला. पोरीचे बाबा लिंबाखाली बसून असायचे. मी पाण्याचं दार चुकीच्या सरीला फोडलं की त्यांचा हात हवेत उठायचा, तोंड उघडायचं, आणि ओसरीतून आत्याबाईंचा आवाज यायचा, "काहून बे, वरवंटा बोलते काय?" ते तोंड मिटायचे. पोरगी हसून हसून लोळायची. त्यात आणखी एक झालं. वरवंटा आजारी असल्यामुळे आत्याबाई त्याला खाटेवरून उठवू देईनात. आठवडाभर घरात चटणी वाटली गेली नाही. आम्ही कांदा फोडून भाकर खाल्ली.

मोटर, पाणी, बियाणं यांचं जमून गेलं. बाजाराचं जमेना. पातूरच्या आठवडी बाजारात मी टोपलं घेऊन बसले ती दोन पोत्यांच्या मध्ये, कोणाला दिसू नये अशी. बायांनी भाव विचारला की मी सांगायची, त्यांना ऐकू जायचं नाही, त्या पुढे जायच्या. ज्या थांबल्या त्यांनी मेथीवर थोडा सांबार मागितला, मला नाही म्हणता येईना. एकीला दिला म्हणून दुसरीला, दुसरीला दिला म्हणून तिसरीला. टोपलं रिकामं झालं आणि पदरात जवळपास काही नाही. ताई समोर भेळवाल्याजवळ उभी राहून सगळं पाहत होती. मदतीला आली नाही. बाजार उठल्यावर आली आणि म्हणाली, "सुमनबाई, हा बाजार केला का मायेराले वानोळा वाटला?"

मला रडू आलं. तिनं रडू दिलं. मग म्हणाली की बोलता येत नसेल तर सध्या राहू दे. "आवाज नसन तं हात दाखव."

पुढच्या बाजाराला मी भाजीसोबत फुलं नेली आणि पोत्यावर बसून हार गुंफायला घेतला. मान खाली, बोटं चालू. एक बाई थांबली, दोन थांबल्या. चार पदरी हार इतका झरझर कसा होतो ते पाहायला पोरं जमली. भाव विचारला तेव्हा मी मान वर न करता सांगितला, आणि सगळे गप्प राहून पाहत होते म्हणून तो त्यांना ऐकू गेला. त्या दिवशी मी रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन घरी आले ते गाणं म्हणत आले, मनातल्या मनात का होईना. खाटेचा आठवडा तोवर संपला होता, पण बाजार मी सोडला नाही. आठवड्यातून एकदा पातूर माझं झालं. अकोला मात्र पोरीच्या बाबांचंच होतं, आणि घर चालायचं ते अकोल्यावर.

त्याच वर्षी दसऱ्याच्या तोंडावर अकोला रोडवर त्यांची मोटारसायकल घसरली. मांडीचं हाड मोडलं. आत सळई टाकावी लागली आणि बरेच महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

वावरात झेंडू पिवळाधम्मक उभा होता. झेंडूचं वर्ष म्हणजे दसऱ्याचे दोन-तीन दिवस. ते गेले की फूल गाईसमोर टाकावं लागतं. वर्षभराचं आमचं घर त्या फुलांत होतं, आणि ती फुलं अकोल्याला नेणारा माणूस दवाखान्यात होता.

ताई आली तेव्हा आत्याबाईंनी तिला फाटकातच धरलं. तूच बोलून बोलून माझ्या लेकाला पाडलं, तुझ्या जिभेवर काळा तीळ आहे, दगड निजवून भागलं नाही म्हणून आता माणूस निजवला. खूप बोलल्या. ताई फाटकाला हात लावून उभी राहिली आणि सगळं ऐकून घेतलं. आत्याबाई थकून खाली बसल्या तेव्हा तिनं त्यांना पाणी आणून दिलं आणि मला विचारलं, "तोडनी कधी?"

मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायला गटातल्या बाया वावरात होत्या आणि त्यांच्यात ओढणी कमरेला बांधून ताई. फुलं तोडता तोडता तिनं तिच्या घरचं सांगितलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. तिचे वडील ट्रक चालवायचे. घर चांगलं वर आलं होतं. आई शिवणकाम करायची, मोठी बहीण कॉलेजात होती. वडिलांचं मूत्रपिंड गेलं. "आमी पयले काय इकलं माहीत हाये? आईची मशीन. हाताशी थेच होतं ना. जे कमावून देते थेच मानूस घाईत आधी इकते. मंग बहिनीचं कॉलेज गेलं, मंग माही शाळा." सांगून झाल्यावर तिनं टोपलं उचललं आणि पुढच्या सरीला लागली. मला एकदम कळलं की ती लोकांच्या घरात शिरून काय शोधत होती.

मालवाहू ऑटोत फुलांची पोती टाकून मी अकोल्याला गेले. सोबत वंदनाबाई होती. ताई आली नाही, मी विचारलंही नाही. फुलबाजारात पोरीचे बाबा ज्या अडत्याकडे जायचे त्याच्याकडेच मी गेले. त्याला अपघाताचं कळलं होतं. त्यानं पोतं उघडून फूल हातात घेतलं आणि शेजारच्या ढिगाचा जो भाव चालला होता त्याच्या निम्म्यानं सांगितलं. मी उभी राहिले. त्याला वाटलं मला समजलं नाही. म्हणाला, घरधन्याला फोन लाव, मी त्याच्याशी बोलतो.

ऑटोच्या खडखडाटात मी सारा रस्ता एकच वाक्य घोकत आले होते.

"घरधनी खाटेवर हायेत. फुलं माह्यापाशी हायेत. बोलाचं तं माह्याशीच बोला."

तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तेव्हा मी त्याच्याच दुकानासमोर पोतं अंथरलं, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि हार गुंफायला बसले. वंदनाबाईनं हाळी द्यायला सुरुवात केली, तिचा आवाज आधीपासूनच दांडगा. दसऱ्याचा बाजार, लोकांना गुंफलेले हार हवेच होते. दाटी झाली. अडत्याच्या दुकानाची वाट बंद झाली. थोड्या वेळानं त्याचा माणूस आला, मग तो स्वतः आला आणि उकिडवा बसून म्हणाला की बाई, हे उचला आणि शेजाऱ्याचा भाव घ्या. मी चालू पदर पुरा केला, गाठ मारली, मग उठले. शेजाऱ्याच्या भावानं सगळी पोती दिली. हार मात्र दिले नाहीत, ते आम्ही दोघींनी बाहेर रस्त्यावर विकले.

त्या आजारपणात आमच्या घरातून काहीही गेलं नाही. शेळ्या गेल्या नाहीत, मोटर गेली नाही, वावराचा एक तुकडा गेला नाही. पोरगी दहावीला होती, तिची एक दिवसही शाळा चुकली नाही. गावात पूर्वी असं घर पडताना सगळ्यांनी पाहिलं होतं. आमचं पडलं नाही हे लोक येऊन पाहून जायचे. पोरीचे बाबा खाटेवरून सगळं बघायचे आणि सवयीनं काही सांगायला जायचे, मग स्वतःच हसून म्हणायचे, जाऊ दे, वरवंटा बोलत नसते.

ते काठी टाकून चालायला लागले तेव्हा आम्ही पुरणाची पोळी केली. ताईलाही बोलावलं. जेवताना आत्याबाई म्हणाल्या, आता देवानं लेकाला पाय दिले, सुमननं लई केलं, आता तिनं घरी बसून आराम करावा. बोलल्या त्या मायेनंच. मी वाढत होते. ताईचा घास हातातच राहिला. मला तेव्हा तिच्या डोळ्यांत जी भीती दिसली ती अपघाताच्या वेळी दिसली नव्हती. सगळं सुरळीत झालं की घर पुन्हा एकाच खुंटीला जातं, हे तिनं किती घरांत पाहिलं असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी भांडं खाली ठेवलं. आत्याबाईंसमोर मी आजवर वर मान करून बोलले नव्हते. "आत्याबाई, पातूर मी सोडत नाई. अन् अकोल्याले आमी पायीपायीनं जाऊ, एकदा हे, एकदा मी."

मग पोरीचे बाबा म्हणाले, "इतके दिवस खाटेवर पडून तिच्या कमाईची भाकर खाल्ली. आता कोन्या तोंडानं नाई म्हनू?" आणि पोळीवर तूप मागितलं.

ताईनं तो घास खाल्ला. त्या दिवशी ती चार पोळ्या जेवली. आत्याबाई मोजत होत्या.

त्यानंतर तिचं आमच्याकडचं काम संपलं आणि तिला मेळघाटात धारणीकडे पाठवलं. जायच्या दिवशी बायांनी तिला लुगडं दिलं, ते तिला नेसता येत नव्हतं, सगळ्यांनी मिळून नेसवलं. मी तिला विचारलं की आमचं घर आता पक्कं झालं का. ती म्हणाली, पक्कं कोणाचंच नसतं. मग स्कूटीला किक मारता मारता म्हणाली, "पन तुमच्या घराची मले आता काळजी नाई." आत्याबाईंनी तिच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कानाजवळ बोटं मोडली. ज्या बाईच्या पावलांवर मीठ-मोहऱ्या टाकल्या, तिचीच दृष्ट काढली.

पुढच्या दसऱ्याला झेंडू आणखी चांगला आला. पोरीचे बाबा पहाटेच मोठी पोती घेऊन अकोल्याला गेले. मी पातूरला बसले, आता पोत्यांच्या मध्ये नाही, बाजाराच्या तोंडाशी. आणि आत्याबाई, ज्यांनी जन्मात कधी काही विकलं नव्हतं, पोरीला सोबत घेऊन गावच्या देवळासमोर हारांची परात मांडून बसल्या. कोणाचं आधी संपतं यावर तिघांची पैज होती. आत्याबाईंचं आधी संपलं. उधारी कोणाला दिली नाही, असंही त्यांनी फोनवर ओरडून सांगितलं.

मी तिथूनच ताईला फोन लावला. धारणीकडे फोन लागत नाही, पण त्या दिवशी लागला. मी सगळं सांगितलं, एका दमात, मोठ्यानं. बाजूच्या बाया वळून पाहायला लागल्या तरी थांबले नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सारेच बाहेर, तं घरी कोन हाये मंग?"

"कोनीच नाई, ताई. घराले कुलूप हाये."

पलीकडून ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. आमच्या घराला कुलूप लागायची ती पहिलीच वेळ होती. कुलूप घरात नव्हतंच, कधी लागलं नव्हतं. ते मी आदल्या दिवशी पातूरच्या दुकानातून विकत आणलं होतं, दुकानदाराशी चांगली घासाघीस करून.